सासूबाईंचं कोण करतं?



गेल्या महिन्यात कपाट आवरताना एक शाल सापडली. घडीही न मोडलेली. आमच्या सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या महिला दिनाला गावातल्या एका मंडळानं मला ‘आदर्श सून’ म्हणून सत्कार करून ती दिली होती. शाल, श्रीफळ आणि एक स्मृतिचिन्ह. सासूबाई अर्धांगवायूनं सात वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. व्यासपीठावरचे पाहुणे म्हणाले, ‘बाईंनी सासूचं फार केलं.’ टाळ्या झाल्या. आमचे हे पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. आई त्यांची होती.

‘सासूचं केलं.’ आपल्या भाषेतलं हे वाक्य मला नेहमी अर्धवट वाटतं. काय केलं, ते त्यात नसतंच. कूस बदलली, बेडपॅन दिलं, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून पावडर लावली, रात्री तीनदा उठले, शाळेतून दोन वर्षं बिनपगारी रजा काढली आणि त्यामुळे पुढे पेन्शन कमी बसली. हे सगळं त्या एका ‘केलं’मध्ये जातं. किती तास केलं, किती रुपयांचं केलं, असं विचारलं तर लोक आपल्याकडे चमकून बघतात. आईचं करायला पैसे मोजायचे का?

आजचं बोलणं याच प्रश्नावर आहे, पण गोष्ट जपानची सांगणार आहे. याला कारण आहे. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची मुलगी पुण्यात जपानी शिकते. तिला तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीच्या कामाला जायचंय. ती मध्यंतरी भेटायला आली आणि तिनं मला एक शब्द शिकवला, ‘काइगो’. अंथरुणाला लागलेल्या किंवा परावलंबी माणसाची रोजची देखभाल म्हणजे काइगो. मी तिला म्हटलं, ‘अगं, परक्या माणसाचं करायला तिकडे पगार कोण देतं? त्यांची मुलं?’ ती म्हणाली, ‘नाही मॅडम, सरकारचा विमा आहे.’ मी इतिहासाची शिक्षिका. मला तेवढ्यावर थांबवेना. हा विमा आला कुठून, कुणी आणला, याच्या मागे लागले. तर त्यात बायकाच बायका निघाल्या.

सुरुवात सुनेपासूनच करायला हवी. जपानी भाषेत सून म्हणजे ‘योमे’. जुन्या कायद्याप्रमाणे तिथलं घराणं थोरल्या मुलाकडे जायचं. घर, शेत, देव्हारा आणि म्हातारे आईवडील सगळं त्याच्याकडे. म्हणजे करणार कोण, तर त्याची बायको. दुसरं महायुद्ध हरल्यावर १९४७ साली कायदा बदलला. घराण्याची ती व्यवस्था गेली, बहीणभावांना वारसा सारखा झाला. आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी कायद्यानं रक्ताच्या नात्यावर, म्हणजे मुलामुलींवर टाकली. पण रीत काही कायद्याबरोबर बदलली नाही. वारसा मुलांमध्ये वाटला जायचा आणि म्हातारपण सुनेच्या वाट्याला यायचं. सुनेला सासूसासऱ्यांच्या मालमत्तेत वाटा नव्हता. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

सरकारी पैशातून घरी मदतनीस पाठवायची पहिली धडपड झाली ती राजधानीत नाही, तर नागानो नावाच्या डोंगराळ प्रांतात, उएदा गावी, १९५६ साली. युद्धात नवरा गेलेल्या कितीतरी बायका तेव्हा कामाच्या शोधात होत्या. दुसरीकडे आजारी, एकटी माणसं होती, त्यांच्या घरी चूल पेटत नव्हती. एकीची गरज दुसऱ्याच्या गरजेला जोडून दिली. पुढे ओसाका शहरानं तसंच काहीसं केलं. १९६२ साली केंद्र सरकारनं या कामाला पैसा दिला, पहिल्या वर्षी सगळ्या देशात मिळून सुमारे २५० मदतनिसांपुरता. १९६३ च्या वृद्धकल्याण कायद्यात हे काम आलं.

पण या बायकांना नाव काय दिलं, तर त्यात ‘होशी’ हा शब्द होता. होशी म्हणजे सेवा, मोबदल्याची अपेक्षा न धरता केलेली सेवा. अंगणवाडी ‘सेविका’, आशा ‘स्वयंसेविका’ आणि पगार नव्हे तर ‘मानधन’. ऐकणाऱ्यांमध्ये आमच्या आशाताई असतील, त्यांना मी आणखी काही समजावून सांगायला नको. आणि ही सेवा मिळायची कुणाला? ज्याला कुणी नाही आणि ज्याच्याकडे काही नाही, अशा म्हाताऱ्यालाच. घरात सून असेल तर मदतीचा प्रश्नच येत नव्हता.

मग १९७२ साली एक कादंबरी आली. लेखिका सावाको आरियोशी. ‘कोकोत्सु नो हितो’ हे तिचं नाव. नोकरी करणारी आकिको, तिची सासू अचानक जाते आणि सासऱ्यांना विसरण्याचा आजार आहे हे मग घराच्या ध्यानात येतं. ते रात्रीबेरात्री घराबाहेर पडतात, जेवल्यावर पुन्हा जेवायला मागतात. स्वतःच्या मुलाला ओळखत नाहीत. ओळखतात ते सुनेला, जिला त्यांनी आयुष्यभर टाकून बोललेलं असतं. आकिको बाहेर मदत शोधते आणि तिच्या हाती काही लागत नाही. या पुस्तकाच्या दहा लाखांवर प्रती खपल्या आणि पुढच्याच वर्षी त्यावर सिनेमा निघाला. घरोघरच्या सुनांना आपलंच कुणीतरी लिहिलंय असं वाटलं असणार. तोवर हे दुखणं घराच्या भिंतीबाहेर बोलायचं नसे.

सरकारनंही त्याच सुमारास हात सैल सोडला, पण वेगळ्या बाजूनं. १९७३ पासून सत्तरीपुढच्या माणसांना औषधोपचार फुकट केले. परिणाम काय झाला? घरी मदतनीस मिळत नव्हती, पण दवाखान्यातली खाट फुकट होती. तेव्हा ज्यांना आजार असा नव्हता, फक्त करायला कुणी नव्हतं, ती माणसं महिनोन् महिने, काही तर वर्षानुवर्षं दवाखान्यात पडून राहिली. खर्च भरमसाट वाढला. दहा वर्षांत, १९८३ मध्ये ती सोय आवरती घ्यावी लागली. पैसा होता, तो चुकीच्या दारातून जात होता.

मग हवा उलटी फिरली. १९७८ च्या सरकारी अहवालात म्हातारे आईवडील आणि मुलं एकत्र राहतात ही देशाची जणू ‘झाकलेली संपत्ती’ आहे, असं म्हटलं गेलं. ‘जपानी पद्धतीचं कल्याण’ असा शब्द निघाला: पाश्चात्त्यांसारखा सरकारी खर्च कशाला, आपली कुटुंबं आहेत ना? आपल्याकडेही एकत्र कुटुंबाची भाषणं होतात, त्यामुळे हे ओळखीचं वाटेल. त्या संपत्तीला हात, पाय आणि कंबरदुखी होती, हे अहवाल लिहिणाऱ्यांना दिसलं नाही. काही गावांमध्ये तर सासूसासऱ्यांचं मनोभावे करणाऱ्या सुनांना बक्षिसं द्यायची पद्धत होती, ‘आदर्श योमे’. हे वाचलं तेव्हा मी उठून कपाटातली शाल पुन्हा बघून आले.

या बक्षिसांना जाहीरपणे नको म्हणणारी बाई म्हणजे केइको हिगुची. जन्म १९३२ चा, आधी पत्रकार, मग लेखिका आणि प्राध्यापिका. १९८२ साली तिनं आणि तिच्या सोबतिणींनी म्हातारपणाच्या प्रश्नावर बायकांचीच एक परिषद भरवली. पुढच्या वर्षी संघटना झाली; तिच्या नावाचा अर्थ, ‘वृद्धांचा समाज सुधारणाऱ्या स्त्रियांची संघटना’. त्यांचं म्हणणं साधं होतं. म्हातारपण हा बायकांचा प्रश्न आहे, तिन्ही बाजूंनी. करणारी बाई, जास्त जगणारी म्हणून शेवटी एकटी उरणारीही बाई, आणि पगारावर मदतीला येणारी तीही बाई.

आता इथे मला थोडं वळण घेऊन दुसऱ्या एका लढ्याबद्दल सांगायचंय, कारण घरच्या मदतीला सरकारनं पैसे द्यावेत ही मागणी एकट्या म्हाताऱ्यांची नव्हती. अपंग माणसांनी ती आधीच आणि जास्त कडक शब्दांत केली होती. १९७० मध्ये योकोहामात एका आईनं आपल्या सेरेब्रल पाल्सी झालेल्या छोट्या मुलीचा जीव घेतला. शेजारच्या लोकांनी सह्या गोळा केल्या, आईला सोडा, ती तरी काय करणार! तेव्हा तोच आजार असलेल्या मोठ्या माणसांची ‘आओइ शिबा’ नावाची संघटना पुढे आली. त्यांनी विचारलं, आईची दया येते, पण मेली ती आमच्यासारखीच होती; आमचं जगणं हे आईच्या उपकारावरच राहणार का?

फुचू इथे तोक्यो शहर सरकारचं गंभीर अपंगांसाठी मोठं केंद्र होतं. आपल्याकडच्या आश्रमशाळा किंवा वसतिगृहं आठवा, पण आणखी शिस्तीची. तिथे बायकांना अंघोळ घालायलाही पुरुष कर्मचारी यायचे, आणि त्याला हरकत घेणाऱ्या बायका होत्या. १९७२ मध्ये तिथल्या काही जणांनी थेट तोक्यो सरकारच्या कचेरीसमोर तंबू ठोकला आणि जवळजवळ पावणेदोन वर्षं ते तिथून हलले नाहीत. ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही अशी माणसं, तीही तिथल्या थंडीत! १९७४ मध्ये तोक्योनं गंभीर अपंग व्यक्तींना घरी मदतनीस ठेवण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. पैसे तुटपुंजे, महिन्यातल्या मोजक्याच दिवसांना पुरतील एवढे. पण मदतनीस कोण असावी हे ज्याची मदत व्हायची तोच ठरवणार, हे त्यात आलं. कुटुंबाची सोय म्हणून नव्हे, तर संस्थेबाहेर आपल्या घरी राहण्याचा हक्क म्हणून दिलेला तो पैसा होता. पुढे इतर शहरांतही अशी सोय हळूहळू वाढत गेली.

पुन्हा म्हाताऱ्यांकडे येऊ. १९८९ च्या एप्रिलमध्ये जपान सरकारनं ३ टक्के विक्रीकर लावला. रोज बाजारहाट करणाऱ्या बायका भडकल्या. त्यावेळी समाजवादी पक्षाच्या अध्यक्षपदी ताकाको दोइ ही बाई होती. जुलैच्या निवडणुकीत तिच्या पक्षाच्या कितीतरी बायका निवडून आल्या आणि सत्ताधारी पक्षानं वरच्या सभागृहातलं बहुमत गमावलं. त्याच डिसेंबरात सरकारनं म्हाताऱ्यांसाठी दहा वर्षांची योजना जाहीर केली: १ लाख घरगुती मदतनीस, १० हजार दिवसाची केंद्रं, थोड्या दिवसांसाठी म्हाताऱ्यांना ठेवून घेणाऱ्या ५० हजार खाटा. करानं राग आला, त्या रागाला दिलेलं हे उत्तर होतं असं मला वाटतं. १९९४ मध्ये मदतनिसांचा आकडा वाढवून १ लाख ७० हजार केला.

एवढ्याला पैसा आणायचा कुठून? १९९४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान होसोकावांनी मध्यरात्री पत्रकारांना बोलावून ७ टक्क्यांचा ‘कल्याण कर’ जाहीर केला आणि इतका ओरडा झाला की लगोलग मागे घ्यावा लागला. मग विम्याचा विचार पुढे आला. जर्मनीनं १९९५ मध्ये तसा विमा सुरू केलाच होता. प्रत्येकानं दरमहा हप्ता भरायचा, आणि गरज लागेल तेव्हा हक्कानं घ्यायचं. दान नाही, त्यामुळे मान खाली घालायची गरज नाही.

आणि इथेच खरं भांडण सुरू झालं. विम्यातून द्यायचं काय, पैसे की माणूस?

जर्मनीत दोन्ही मिळतं. घरी मदतनीस नको असेल तर काही रोख रक्कम घ्या आणि घरच्यांनीच करा. जपानमधल्या बऱ्याच गावांच्या प्रमुखांना हेच हवं होतं, आणि त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. आमच्या डोंगरातल्या गावात मदतनीस यायलाच नाही, मग लोकांकडून हप्ता घेऊन देणार काय? निदान सुनेच्या हातावर चार पैसे ठेवा! सरकारी समितीत हिगुची सदस्य होती. तिनं आणि तिच्या संघटनेनं रोख रकमेला विरोध केला. मला पहिल्यांदा वाचून धक्काच बसला. सुनांची बाजू घेणाऱ्या बायका सुनेला पैसे नकोत म्हणतात? पण त्यांचं म्हणणं ऐका. पैसे आले की ते घराच्या हाती येणार, सुनेच्या येतीलच असं नाही. आणि आले तरी एकदा पैसे घेतले की ती बांधली गेली. ‘आता तर पैसेही मिळतात, मग कर’ असं सगळे म्हणणार. नोकरी सोडायची वेळ आली तर तीच सोडणार. शिवाय सगळ्यांनी रोख घेतली तर गावात मदतनीस तयारच होणार नाहीत, कारण त्यांना काम देणारं कुणी नसेल.

मी हे माझ्यापुरतं तपासून पाहिलं. सासूबाईंच्या वेळी दरमहा रोख रक्कम मिळाली असती तर मी घेतली असती का? घेतली असती. औषधांचं बिल भागलं असतं. पण रात्री तीनदा मीच उठले असते. त्या सात वर्षांत मला पैशापेक्षा जास्त हवी होती ती एक बाई, जी सकाळी नऊ वाजता येईल, त्यांना अंघोळ घालेल आणि मी शाळेत जाईन. तेव्हा आमच्या तालुक्यात अशी बाई शोधूनही मिळाली नाही.

१९९६ मध्ये या मागणीसाठी ‘दहा हजार नागरिकांची समिती’ निघाली, हिगुची तिच्याही पुढाऱ्यांपैकी एक. ९ डिसेंबर १९९७ रोजी कायदा मंजूर झाला आणि १ एप्रिल २००० पासून लागू होणार असं ठरलं. रोख रक्कम त्यात नव्हती. पण घोडं अगदी दाराशी येऊन पुन्हा अडलं. १९९९ च्या शरदात सत्ताधारी पक्षाचे धोरणप्रमुख शिझुका कामेइ म्हणाले की मुलांनी आईवडिलांची काळजी घ्यायची ही आपली सुंदर रीत आहे, ती या विम्यानं मोडेल. शेवटी तडजोड झाली. म्हाताऱ्यांचा हप्ता पहिले सहा महिने माफ, पुढचं वर्षभर निम्मा. आणि वर्षभर काहीही सेवा न घेणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या, खूप परावलंबी माणूस सांभाळणाऱ्या घराला वर्षाला १ लाख येनपर्यंत ‘श्रमपरिहार’ म्हणून रक्कम. एक मागच्या दारानं आलेली शालच म्हणा ना. कायदा मात्र ठरल्या तारखेला सुरू झाला.

तो चालतो कसा, ते थोडक्यात सांगते. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकानं हप्ता भरायचा. निम्मा पैसा हप्त्यांतून, निम्मा सरकारी करांतून. हिशेब ठेवते ती नगरपालिका किंवा गावचं कार्यालय. म्हातारं माणूस परावलंबी झालं की तिथे अर्ज द्यायचा. मग एक माणूस घरी येऊन ठरलेले प्रश्न विचारतो. सध्या ते ७४ आहेत. कूस बदलता येते का? नखं स्वतः कापता येतात का? जन्मतारीख सांगता येते का? आत्ता कोणता ऋतू चालू आहे ते कळतं का? त्यावरून माणसाची पायरी ठरते, आता अशा सात पायऱ्या आहेत. सगळ्यात वरच्या पायरीला महिन्याला साधारण साडेतीन लाख येनांहून थोड्या जास्त किमतीची सेवा मिळते. त्यातला दहावा हिस्सा आपण भरायचा, उत्पन्न जास्त असेल तर आता पाचवा किंवा त्याहूनही जास्त. घरात सून आहे की नाही, हे त्या ७४ प्रश्नांत नाही. मला वाटतं, सगळ्या कायद्यात मोठी गोष्ट कोणती असेल तर ती हीच.

मग ‘केअर मॅनेजर’ आठवड्याचं वेळापत्रक बसवून देते. सोमवारी मदतनीस, मंगळवारी गाडी येऊन दिवसभराच्या केंद्रात घेऊन जाणार, गुरुवारी अंघोळ. अंघोळीचं तर मला फार अप्रूप वाटलं. तीन जणांचं पथक गाडी घेऊन येतं, त्यात उचलून आणता येईल असा टब असतो. तो खोलीत पलंगाशेजारी मांडतात, गाडीतून गरम पाणी सोडतात आणि अंथरुणातल्या माणसाला मानेपर्यंत पाण्यात नीट बुडवून अंघोळ घालतात. सासूबाईंना सात वर्षं मी ओल्या फडक्यानं पुसून काढलं. एकदा डोक्यावरून पाणी घ्यायचंय, असं त्या म्हणायच्या.

२००० च्या एप्रिलमध्ये सेवा घेणारे दीड लाख नव्हे, जवळपास १५ लाख लोक होते. आज ५० लाखांहून जास्त आहेत. सुनेचं काय झालं? २००१ मध्ये परावलंबी माणसांच्या मुख्य देखभाल करणाऱ्यांमध्ये शंभरात सुमारे २२ जणी घरातल्या सुना होत्या. २०२२ मध्ये त्या पाचाच्या आसपास आल्या. हे सगळं एका कायद्यानं झालं असं मी म्हणणार नाही. एकत्र राहणं कमी झालं, पोरी नोकऱ्या करू लागल्या. मुलगे आणि नवरे मात्र वाढले: घरात राहून करणाऱ्यांमध्ये आता दर दहांत तिघे पुरुष आहेत. आणि ती वारशाची गोष्ट? २०१८ मध्ये वारसा कायदा सुधारला आणि २०१९ च्या जुलैपासून सुनेला सासूसासऱ्यांच्या मागे, आपण जे केलं त्याचा मोबदला वारसांकडे मागता येऊ लागला. त्यासाठी नोंदी मात्र लागतात. केव्हा काय केलं, ते लिहून ठेवलेलं हवं. ‘केलं’ एवढं पुरत नाही.

आपल्याकडे २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा आहे. त्यात जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांची. निर्वाह भत्ता महिन्याला १० हजारांपर्यंत. सुनेचा उल्लेख त्यात नाही. २०१९ मध्ये संसदेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात सून आणि जावई दोघांना त्या व्याख्येत घ्यायचं सुचवलं होतं. म्हणजे आपण अजूनही ‘कुणी करायचं’ याच्याच यादीत भर घालतोय. आणि आपल्या राज्यातल्या गरीब वृद्धांच्या निवृत्तिवेतनाच्या योजनेचं नाव श्रावणबाळ. निदान त्या नावात मुलगा कावड उचलतो, हे काय कमी आहे!

जपानमध्ये सगळं छान झालं असं समजू नका. विम्याचा खर्च वाढत गेला तशी कात्रीही चालत गेली. पासष्टीपुढच्यांचा सरासरी मासिक हप्ता सुरुवातीला २,९११ येन होता, २०२४ पासून ६,२२५ आहे. घरकामाच्या मदतीची वेळ २०१२ मध्ये साठ मिनिटांवरून पंचेचाळीसवर आली. त्यात स्वयंपाक, झाडलोट आणि दोन शब्द बोलणं. दोन शब्द तेवढे गळले. अपंगांचीही लढाई संपली नाही. २००५ च्या कायद्यानं त्यांच्याकडूनही दहा टक्के घ्यायला सुरुवात केली, तेव्हा अनेक शहरांतून खटले उभे राहिले आणि २०१० च्या जानेवारीत सरकारला तडजोड करावी लागली. आणि पासष्ट वर्षांचा झाला की अपंग माणूस ‘म्हातारा’ ठरून त्याची आधीची मदत कमी होते, याला तिथे ‘पासष्टीची भिंत’ म्हणतात. तशी मदत बंद केलेल्या एका गृहस्थांच्या बाजूनं २०१८ साली न्यायालयानं निकाल दिला. हे घडलं ओकायामात. पुण्यात सिंहगड रस्त्याला पु. ल. देशपांडे उद्यानात आपण फिरायला जातो ना, ते ज्या शहराच्या बागेवरून केलंय, ते ओकायामा.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते मदतनिसांचं. सून सुटली, तिच्या जागी कोण आली? बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या, साठीच्याही बायका, तासावर पैसे. एका घरातून दुसऱ्या घरी जायला लागणारा वेळ, मधली वाट पाहण्याची वेळ, ऐनवेळी ‘आज नको’ म्हणून रद्द झालेली भेट, याचे पैसे कितीकदा मिळतच नाहीत. २०१९ मध्ये तीन मदतनीस बायकांनी थेट सरकारवर दावा लावला: तुम्ही ठरवलेल्या दरांत आम्हाला कायद्याप्रमाणे मजुरी मिळूच शकत नाही. २०२२ मध्ये त्या हरल्या, वरच्या न्यायालयातही २०२४ मध्ये हरल्या. आणि त्याच २०२४ मध्ये घरी जाऊन करायच्या सेवेचे मूळ दर सरकारनं आणखी कमी केले. ‘होशी’ हा शब्द कागदावरून कधीच गेलाय, मदतनिसांना आता ‘होम हेल्पर’ म्हणतात. पगारातून मात्र तो अजून गेलेला नाही.

एवढ्या पैशात तिथल्या पोरी येईनात, म्हणून आता बाहेरून बोलावतात. आधी इंडोनेशिया, फिलिपिन्स, व्हिएतनाम. भारताबरोबरचा करार २०२१ च्या जानेवारीतला. घरोघर जाऊन करायचं कामही २०२५ पासून परदेशी मुलींना खुलं झालंय. आमच्या विद्यार्थिनीची मुलगी जाणार ती याच वाटेनं.

तिची आजी, म्हणजे माझ्या विद्यार्थिनीची सासू, दोन वर्षांपासून अंथरुणात आहे. मुलगी सुट्टीत घरी आली की पुस्तकात शिकवलेली पलंगावरून खुर्चीत बसवायची पद्धत आजीवर करून बघते. एक हात पाठीमागे, एक गुडघ्याखाली, आपले गुडघे वाकवायचे, कंबर नाही, आणि उचलण्याआधी माणसाला सांगायचं की आता उचलते आहे. आजीला हे फार आवडतं. ‘कुणीतरी विचारून उचलतं’ म्हणते. मुलीची परीक्षा डिसेंबरात आहे. पास झाली तर पुढच्या वर्षी जाईल. तिच्या आईनं म्हणून आत्तापासूनच ती पद्धत शिकून घेतली आहे.

तुमच्या घरी कोण करतं, किती तास, आणि त्यासाठी तुम्ही काय सोडलंत, ते केंद्रावर फोन करून किंवा चिठ्ठी पाठवून जरूर कळवा. नावं वाचून दाखवणार नाही. पुढच्या वेळी त्यातल्याच काही चिठ्ठ्या घेऊन येईन.